समुद्र नसलेले कोळी

दुपारी लसूण सोलत होते आणि फोन आपल्याच मनाने एकामागून एक गाणी लावत होता. मधेच तो आवाज आला. खरखरीत, धुरकटलेला, पासष्टीच्या पुढचा. मला आवाजावरून वय ओळखायची खोड आहे, कुरियरवाल्यांनाही मी सोडत नाही. हा आवाज लागला की मिसिसिपीकाठचा एक म्हातारा ओसरीवर ठेका धरून बसलेला दिसतो आणि दर वेळी त्याला हाकलावं लागतं. कारण गाणारा असतो बेन ऑटवेल. १९९८ साली गोमेझ बँडचा 'ब्रिंग इट ऑन' हा पहिला अल्बम आला तेव्हा या इंग्रज पोराने विशी जेमतेम ओलांडली होती.

बँडमधले बाकीचे बरेचसे लिव्हरपूलच्या वरच्या अंगाच्या साउथपोर्टचे. तिथला समुद्र ओहोटीला इतका आत जातो की किनाऱ्यावरून दिसेनासा होतो. तिथल्या एका गॅरेजमध्ये, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर, ही पोरं अमेरिकेतले जुने ब्लूज, म्हणजे तिथल्या काळ्या लोकांची दुःखाची गाणी, घोळवत होती. एक गाणं तर मेक्सिकोच्या सीमेवरच्या तिहुआनातल्या बाईवर. कुठे साउथपोर्ट, कुठे तिहुआना!

पण मी कोण हसणार? आमच्या सोलापुरात समुद्र नाही, तरी शाळेच्या गॅदरिंगला दर वर्षी कोळीगीत ठरलेलं. जाळं म्हणजे व्हॉलीबॉलचं नेट. मासे पुठ्ठ्याचे, वर चमकी. निम्म्या मुलींच्या घरी मासे शिजत नसत, त्या टोपली अंगापासून लांब धरायच्या. होडीत एकजण पुढे वल्हवायची, दुसरी मागे, आणि होडी विंगेत अडकायची. तरी काय जोर असायचा! पुढे वर्सोव्याला खऱ्या कोळणी पाहिल्या. एकही लचकत नव्हती. सगळ्या भाव करत होत्या आणि दमलेल्या होत्या. उसन्या गाण्यात जी मस्ती येते ती दमलेल्या माणसाला कुठून परवडणार? ऑटवेलचा म्हातारा इतका झोकात गातो तो म्हातारा नाही म्हणूनच, असं आपलं मला वाटतं.

बँडचं नावसुद्धा उसनंच. सुरुवातीच्या एका कार्यक्रमाला गोमेझ आडनावाच्या मित्राला जागा सापडावी म्हणून बाहेर पाटी लावली होती. लोकांना वाटलं, बँडचंच नाव. तेच राहिलं.

वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमला इंग्लंडात दिलं जाणारं मर्क्युरी पारितोषिक त्या वर्षी 'ब्रिंग इट ऑन'ला मिळालं. द व्हर्व्ह, मॅसिव्ह अटॅक, पल्प असे दिग्गज बँड मागे राहिले. आणि यादीत कॉर्नरशॉपही होते, ज्यांचं आपल्या सांगलीच्या आशाबाईंवरचं गाणं रिमिक्स होऊन त्याच वर्षी इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं होतं. परीक्षकांत मी असते तर निकाल लावायला पाच मिनिटं पुरली असती. पण आमच्या गॅदरिंगलाही पहिलं बक्षीस दर वर्षी कोळीगीतालाच मिळायचं. शास्त्रीय नृत्यवाल्या रुसून बसायच्या.