घाणा नागावचा, ठिणगी रामल्याची

आमच्या खोबरेल तेलाच्या बाटलीवर पत्ता नागावचा, तालुका अलिबाग. घाणा टाकायचं ठरलं मात्र इस्रायलमधल्या रामल्यात. गिऱ्हाईकं विचारतात, म्हणून एकदा लिहूनच टाकतो.

रेहोवोतला हिब्रू विद्यापीठाच्या कृषी शाखेत मी अन्नशास्त्र शिकत होतो. डोक्यात निर्यात, मोठे प्रकल्प असलंच काही. रामले तिथून जवळ. तिथे आपल्याकडचा किराणा मिळतो असं कळलं म्हणून गेलो, तर गल्ल्यावरच्या आजीबाई फोनवर कुणाला तरी झापत होत्या, "पोहे नाहीत तर मलिदा कशाचा करू गं?"

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मला नवे नव्हते. अलिबागेत इस्रायल आळी आहे, तिथलं सिनेगॉग येताजाता दिसतं. पण 1948 नंतर कुलाबा जिल्ह्यातून (आताच्या रायगडातून), मुंबईतून गेलेली ही माणसं लोद, रामले, दिमोना इथे जाऊन मराठीतच भांडत असतील, हे काही ध्यानात आलं नव्हतं. आडनावं पेणकर, नवगावकर, किहीमकर!

"नागाव की नवगाव?" आजींनी आधी हे पक्कं करून घेतलं. त्यांचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले असं ही मंडळी मानतात. मग जेवायला बोलावणं आलं. मटणाच्या रश्शाला नारळाचं दूध. मांसाबरोबर दूधदुभतं त्यांना धर्माने चालत नाही, त्यामुळे नारळावाचून त्यांचं पान हलत नाही. पानावर वाढता वाढता म्हणाल्या, "आम्ही शनवार तेली. आजोबांचा घाणा होता. तुमची वाडी आहे ना, मग तेल कोण काढतं?"

कोणीच नाही. आमचे नारळ व्यापारी शेकड्याच्या भावाने उचलायचा आणि तेलाचा डबा आम्ही बाजारातून आणायचो. कोकणात तेल गाळणं हा बेने इस्रायलांचा जुना धंदा, शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या धार्मिक सुट्टीला, घाणा बंद म्हणून शनवार तेली हे नाव. हे सगळं मला रामल्यात कळावं, म्हणजे कमालच.

परत आल्यावर वडिलांना पटवायला घाण्यापेक्षा जास्त जोर लागला. आता मोटरवरचा लाकडी घाणा आहे. खरं काम त्याच्या आधीचं. खोबऱ्यातला ओलावा सहा टक्क्यांच्या खाली आला नाही तर बुरशी धरते, तेल लवकर खवट होतं. आमच्या पावसाळ्यात उन्हावर विसंबून चालत नाही. म्हणून पहिला मोठा खर्च ड्रायरवर केला. शिक्षण कामी आलं ते इथे. तेल टाकीत निवळू देतो, पेंड गावातले दूधवाले नेतात.

सागावजवळच्या एलियाहू हन्नबीच्या टाप्याला, म्हणजे ज्यूंच्या एलियाहू प्रेषिताच्या स्थानाला, नवस फेडायला इस्रायलहून लोक येतात. त्यातले काही वाट वाकडी करून आमच्याकडे डोकावतात. एका काकांनी विचारलं, "शनिवारी बंद ठेवता ना?" कसं ठेवणार! मुंबईकरांच्या गाड्या शनिवारीच येतात. सुट्टी मंगळवारी.