अक्षरं मोजून काय भेटते?

‘सर, कवितेचे अक्षरं मोजून काय भेटते जी?’ वर्गात, एसटीत, लग्नाच्या पंगतीतसुद्धा मला हे विचारतात. कविता आवडली की झालं, बोटं कशाला मोजायची? तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

आमच्या अमरावती जिल्ह्यात तुकडोजी महाराजांच्या ग्रामगीतेतली एक ओवी भिंतीभिंतीवर दिसते:

गाव हा विश्वाचा नकाशा।
गावावरून देशाची परीक्षा।
गावचि भंगता अवदशा।
येईल देशा॥

लहानपणापासून प्रार्थनेत ऐकलेली, तोंडपाठ. पण ती मला खरी भिडली ती पोरांना फळ्यावर मोजायला लावली त्या दिवशी. जोडाक्षर एकच धरायचं, ‘श्वा’ एक, ‘क्षा’ एक. हिशेब आला ९, ११, १०. आणि शेवटी फक्त ५.

मोठा अभंग ६-६-६-४ अशा अक्षरांच्या चार चरणांत बांधलेला असतो. ओवीला तेवढी सक्ती नाही; ती बोलण्यासारखी कमीजास्त होते, म्हणून जात्यावरही चालली आणि ज्ञानेश्वरीतही. पहिल्या तीन चरणांना यमक, चौथा आखूड, एवढी रीत पाळली की पुरे. चौथ्याला यमक नसलं तरी चालतं. इथे मात्र तोही ‘शा’वरच येऊन आदळतो. (‘परीक्षा’चं यमक चुकलं, असं एक पोरगा म्हणाला. मी त्याला मोठ्यानं म्हणायला लावलं. आपल्या तोंडी ते ‘परीक्शा’च होतं, कानाला बरोबर बसतं.)

तिसरी ओळ ‘अवदशा’वर थांबते. वाटतं, अवदशा गावाचीच. तेवढ्यात पाच अक्षरांत ती देशावर जाते. दुसऱ्या ओळीत परीक्षेपुरता आलेला देश इथे अवदशेत सापडतो.

आणि मग मागच्या बाकावरची एक पोरगी म्हणाली, ‘सर, चौथ्या ओयीत गाव नाही.’

खरंच नाही. तिन्ही ओळी ‘गाव’ म्हणून सुरू होतात आणि गाव भंगल्यावरच्या ओळीत तो शब्दच उरत नाही. इतकी वर्षं म्हणत होतो, मला दिसलं नव्हतं. तिलाही दिसलं ते फळ्यावर ओळी एकाखाली एक मांडून बोट फिरवल्यावर.

आमच्या गावच्या भिंतीवर जागा पुरेना म्हणून ‘येईल देशा’ तिसऱ्या ओळीलाच जोडून लिहिलं होतं. यंदा भिंत पुन्हा रंगवायला काढली, तेव्हा पेंटरला एवढंच सांगितलं, भाऊ, अक्षरं लहान झाली तरी चालतील, पण ती ओळ खाली एकटीच राहू द्या.