तुम्ही विचारलंत म्हणून : बर्फावरच्या कलेचे मोल

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत महाविद्यालयीन नृत्यस्पर्धांना मी परीक्षक म्हणून जातो आणि फिगर स्केटिंग, म्हणजे पाती लावलेल्या बुटांनी बर्फावर संगीताच्या साथीने उड्या, गिरक्या आणि नृत्य करण्याचा खेळ, अनेक वर्षे आवडीने पाहतो. हे ज्यांना ठाऊक आहे ते एक प्रश्न हमखास विचारतात : या खेळात पूर्वी कला होती, आता नुसत्या उड्या उरल्या, हे खरे का? माझ्या मते कला आजही तितकीच आहे, मात्र गुणपत्रिकेत तिचा वाटा घटला आहे आणि तो गणिताच्या रचनेमुळे घटला आहे.

‘पूर्वी’ म्हणजे नेमके कधी, हे आधी पाहायला हवे. १९७२ साली सापोरोच्या ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रियाच्या बिआट्रिक्स शुबाने सुवर्णपदक मिळवले ते बर्फावर ठरावीक आकृत्या अचूक रेखण्याच्या बळावर. संगीतावरच्या मुक्त सादरीकरणात ती सातवी होती, तर त्यात पहिली आलेल्या जॅनेट लिनला कांस्यपदकावर समाधान मानावे लागले. प्रेक्षकांना हे पटेना. पुढे आकृत्यांचे वजन कमी होत गेले आणि १९९० नंतर त्या मोठ्या स्पर्धांतून गेल्याच. लोकांच्या आठवणीतला कलेचा काळ हा त्या ओसरत्या वर्षांचा आहे.

तेव्हा ६.० ची पद्धत होती. प्रत्येक परीक्षक तंत्राला आणि कलात्मक परिणामाला ६.० पैकी वेगवेगळे गुण देई, आणि त्यांच्या बेरजेवरून खेळाडूंचा क्रम लावला जाई. १९८४ साली साराएव्होच्या ऑलिम्पिकमध्ये टॉर्विल आणि डीन या ब्रिटिश जोडीच्या ‘बोलेरो’ या नृत्याला कलेच्या रकान्यात नऊही परीक्षकांनी पूर्ण ६.० दिले. मुक्त सादरीकरणात दोघांची बेरीज सारखी आली तर कलेचा गुण निर्णायक ठरे. १९९४ साली लिलेहामरच्या ऑलिम्पिकमध्ये युक्रेनच्या ओक्साना बायुलने अमेरिकेच्या नॅन्सी केरिगनला ५-४ अशा मतांनी मागे टाकले, तेव्हा एका परीक्षकाच्या पत्रिकेवर हेच घडले होते. कलेला इतके वजन देणाऱ्या त्या पद्धतीत एक मोठा दोष होता : ५.८ का आणि ५.९ का नाही, याचे उत्तर परीक्षकाला द्यावे लागत नसे. २००२ साली सॉल्ट लेक सिटीच्या ऑलिम्पिकमध्ये रशियन जोडीला ५-४ ने सुवर्ण मिळाले, फ्रेंच परीक्षक महिलेने आपल्यावर दबाव होता असे सांगितले, आणि अखेर कॅनडाच्या जोडीलाही सुवर्णपदक द्यावे लागले. त्यानंतर २००४ मध्ये नवी पद्धत स्वीकारली गेली.

आज प्रत्येक उडीला, गिरकीला आणि पदन्यासाला ठरलेले मूळ मूल्य असते. तांत्रिक मंडळ चित्रफीत पुन्हा पाहून खेळाडूने काय केले ते निश्चित करते; नऊ परीक्षक त्या कृतीच्या दर्जाला उणे ५ ते अधिक ५ गुण देतात आणि त्यांपैकी सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण वगळले जातात. याशिवाय रचना, सादरीकरण आणि स्केटिंगकौशल्य यांना प्रत्येकी १० पैकी गुण असतात. हिशेब उघड झाला, ही फार मोठी प्रगती आहे आणि ती मी कधीही परत देणार नाही.

पण आकडे पाहा. चार फेऱ्यांच्या लुट्झ उडीचे मूळ मूल्य ११.५ आहे. संपूर्ण बर्फ व्यापत, पात्याच्या कडा बदलत, संगीताशी एकरूप होऊन केलेल्या सर्वोच्च पातळीच्या पदन्यासमालिकेला मात्र ३.९. शिवाय पुरुषांच्या मुक्त सादरीकरणात त्या तीन घटकांची कमाल बेरीज सुमारे १०० वर थांबते, तर तांत्रिक गुणांना अशी मर्यादा नाही. अमेरिकेच्या इलिया मालिनिनने २०२४ साली माँट्रियलच्या जागतिक स्पर्धेत मुक्त सादरीकरणात २२७.७९ गुण मिळवले, त्यांतला अर्ध्याहून बराच अधिक भाग तांत्रिक होता. तो मुलगा असामान्य आहे, पण शहाणा प्रशिक्षक आपल्या शिष्याचा सरावाचा वेळ कुठे खर्च करील, हे या गणितावरून कोणीही सांगेल.

दुसरी अडचण परीक्षकाच्या खुर्चीतली आहे आणि ती मला जवळून ठाऊक आहे. अक्कलकुवा-धडगावकडची मुले ढोल घेऊन होळीचा नाच सादर करतात, तेव्हा आमच्या पत्रिकेवर ताल, भाव, वेशभूषा आणि रचना असे रकाने असतात. पहिल्याच मिनिटाला जी छाप पडते ती चारही रकान्यांत पाझरते. त्या पावलांचे मोल शहरी नजरेने घडलेल्या रकान्यांत मावत नाही. पण रकाने काढून टाकले, तर त्या मुलांचे भवितव्य निव्वळ परीक्षकाच्या आवडीवर सोडल्यासारखे होईल. बर्फावरही हेच दिसते : मोठ्या उड्या साधल्या की रचनेचे आणि सादरीकरणाचेही गुण चढतात. २०१० साली व्हँकुव्हरच्या ऑलिम्पिकमध्ये मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या अमेरिकन जोडीने हिंदी चित्रपटगीतांवर नृत्य केले, ते मी इथल्या विद्यार्थ्यांना आवर्जून दाखवतो. त्यांची नजर पोशाखावर आणि हातांच्या मुद्रांवर खिळते. ठेका पात्याच्या कडेवर कसा धरला आहे, हे थांबवून थांबवून दाखवावे लागते.

नियम बदलता येतात. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकमध्ये उत्तरार्धातल्या उड्यांना मिळणाऱ्या दहा टक्के वाढीव मूल्यासाठी रशियन खेळाडू अलिना झागितोवाने मुक्त सादरीकरणातल्या सर्व उड्या उत्तरार्धात ठेवल्या आणि सुवर्ण जिंकले. त्यानंतर लगेच ती सवलत मुक्त सादरीकरणात शेवटच्या तीन उड्यांपुरती मर्यादित झाली. तसेच पुढचे पाऊल म्हणून उड्यांचा दर्जा पाहणारे परीक्षक वेगळे आणि रचना व सादरीकरण पाहणारे वेगळे असावेत, आणि उड्यांचे मूल्य वाढेल त्या प्रमाणात कलेच्या घटकांची कमाल मर्यादाही वाढवावी, असे मला वाटते.