यातलं खरं कुठलं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘टेंटेड लव्ह’ या इंग्रजी गाण्याची निरनिराळ्या गायकांनी गायलेली रूपं कुणालाही ऐकवली, की हा प्रश्न ठरलेला.

कागदोपत्री उत्तर सोपं आहे. एड कॉबनं लिहिलं, ग्लोरिया जोन्सनं गायलं, १९६५ मध्ये एका रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आलं आणि आपटलं. पण १९७० च्या दशकात उत्तर इंग्लंडमधल्या नाचवेड्या पोरापोरींना असल्याच पडेल अमेरिकी सोल (कृष्णवर्णीय गायकांच्या भावभरल्या गाण्यांचा प्रकार) रेकॉर्ड हव्या असत, त्याही वेगवान. विगन गावातल्या विगन कसिनो या क्लबात रात्रभर नाच चाले, पाय सरकावेत म्हणून फरशीवर टाल्कम पावडर. डीजे लोक लेबलवर कागद चिकटवत, दुसऱ्या डीजेला नाव कळू नये म्हणून! त्या फरशीवर हे गाणं जगलं.

ब्लॅकपूलच्या डेव्ह बॉलचे कान याच गाण्यांवर तयार झालेले. १९८१ मध्ये त्यानं आणि गायक मार्क आल्मंडनं, म्हणजे सॉफ्ट सेल या जोडीनं, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) काढून सिंथेसायझर आणला, पट्टी खाली घेतली, लय उतरवली. ब्रिटनमध्ये पहिला नंबर. (त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूलाही दुसऱ्यांचंच गाणं घातलं, त्यामुळे गीतकाराची रॉयल्टी दोन्हीकडून परक्याच्या खिशात.)

आता कान देऊन ऐका. पळून जावंसं वाटतं, असं सांगणारी पहिली ओळ ‘पळून’ म्हणायच्या आधी अडखळते आणि त्या फटीत दोन ठोके पडतात. ग्लोरियाच्या मागे ते अख्ख्या बँडचे धपाके आहेत, सॉफ्ट सेलकडे नुसतं ‘टिंक टिंक’. अमेरिकी रॉकवाल्या मॅरिलिन मॅन्सनचं २००१ चं गिटारवालं रूप मला नुसताच आव वाटतो, ते सोडा.

कॉइल या ब्रिटिश बँडचं ऐका, १९८५ चं. एड्सनं माणसं जात होती. या रेकॉर्डचं उत्पन्न टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट या एड्सग्रस्तांसाठीच्या ब्रिटिश संस्थेला दिलं. गाणं इतकं संथ केलंय, की ते दोन ठोके अंत्ययात्रेतले वाटतात. ‘टेंटेड’ म्हणजे डागाळलेलं, नासलेलं. ग्लोरियाच्या तोंडी तो शब्द नासलेल्या प्रेमाबद्दल होता. इथे तो रक्ताबद्दल ऐकू येतो, एक अक्षरही न बदलता.

म्हणून खरं कुठलं ते मला ठरवता येत नाही. ग्लोरिया पळून जाते, दार आपटून. आल्मंड दारात उभा राहून जातो जातो म्हणतो. आणि कॉइलच्या माणसाला अंथरुणातून उठताच येत नाही.