दत्ताच्या पायाशी पाचवा

न्यू जर्सीतल्या एडिसन गावच्या भारतीय किराणा दुकानात मी रांगेत असले की ओटिस माझ्याकडे पाठ करून, मागे बघत उभा राहतो. लोकांना वाटतं, कुत्र्याला शिस्त नाही. खरं तर तो माझा सर्व्हिस डॉग, म्हणजे मदतीचं काम शिकवलेला कुत्रा, आणि तो कामावर असतो. टर्नपाइकवर, म्हणजे इथल्या टोलच्या महामार्गावर, ट्रकने मागून ठोकलं, तेव्हापासून पाठीशी कुणी उभं राहिलं की माझा श्वास अडकतो. ‘कव्हर’ म्हटलं की ओटिस ती जागा अडवतो. मागच्या काकूंची ट्रॉली हातभर लांब राहते आणि मला कोथिंबिरीचे पैसे देता येतात.

अपघातात उजवं पाऊल मोडलं. हाड जुळलं, एक्स-रे स्वच्छ आला, दुखणं काही गेलं नाही. याला सीआरपीएस (कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम) म्हणतात. जखम भरली तरी नसा बोंबलतच राहतात. पाऊल कधी लालभडक नि गरम, कधी निळसर गार. चादर लागली तरी जाळ होतो. म्हणून ओटिसला शिकवलेला पहिला नियम, उजवीकडे यायचं नाही. रात्री अपघाताचं स्वप्न पडून मी धडपडायला लागले की तो नाकाने दिव्याचं बटण दाबतो आणि छातीसकट पुढचे पाय माझ्या डाव्या मांडीवर टाकतो. तीसेक किलोचा लॅब्रॅडोर! त्या वजनाखाली मी आधी पलंगावर येते, मग न्यू जर्सीत, मग आजच्या तारखेत.

‘मग आता बरं वाटतं ना?’ फोनवर सगळे विचारतात. नाही. दुखणं आहे तेवढंच आहे. पडलेला फोन, मोजा, काठी तो उचलून देतो, मला वाकावं लागत नाही. उलट जानेवारीत पाऊल पेटलेलं असताना त्याला बाहेर न्यावंच लागतं. त्याला शी लागलेली असते, माझ्या निदानाशी त्याला देणंघेणं नसतं. मी शिव्या घालत जाते.

इथल्या १९९० च्या अपंगत्व कायद्याखाली दुकानदाराला दोनच गोष्टी विचारता येतात: अपंगत्वामुळे हा कुत्रा लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलंय. ओळखपत्र मागता येत नाही, कारण सरकारी नोंदणीच नाही. इंटरनेटवर मिळणारी झगमगीत प्रमाणपत्रं म्हणजे नुसता कागद. फक्त सोबतीसाठी पाळलेला कुत्रा या कायद्यात बसत नाही, तो कितीही लाघवी असो.

देवळांना मात्र हा कायदा लागू नाही. त्यामुळे गणपतीत मी आधी फोन करून विचारते. एका वर्षी नकार आला. पुढच्या वर्षी समितीतले एक आजोबा म्हणाले, “दत्ताच्या पायाशी चार बसतात, हा पाचवा. येऊ दे पोरी.” ओटिस आरतीभर आडवा पडून होता. झांजांना दचकले ती मीच.

त्याच्या कामाच्या आज्ञा इंग्रजीत. घरी त्याचं कामाचं जॅकेट उतरवलं की मराठी सुरू. ‘चल रे गधड्या’ ऐकलं की त्याला कळतं, ड्यूटी संपली.

सध्या फिजिओथेरपीत पावलाला स्पर्शाची सवय लावणं चाललंय. आधी रेशीम, मग सुती, शेवटी टॉवेल. मी आईच्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यावर अडकलेय. ओटिसचा कान रेशीम नि सुती यांच्या मधला, त्याने करून बघा, असं थेरपिस्टबाईच म्हणाल्या. पण त्यासाठी त्याने उजवीकडे यायला हवं. गाजर दाखवलं तरी पठ्ठ्या डावीकडूनच मान लांब करतो.