लेप्टो: डबक्यातलं पाणी आणि आपला कुत्रा

उंदीर, घुशी, रानडुकरं यांच्या लघवीतून लेप्टो हा आजार करणारा लेप्टोस्पायरा हा जिवाणू डबक्यात, ओल्या मातीत उतरतो आणि तिथे आठवडेच्या आठवडे टिकतो. कुत्र्याने ते पाणी प्यायलंच पाहिजे असं नाही. खरचटलेला पंजा त्यात बुडला तरी पुरतं.

लशीचे पहिले दोन डोस 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने, मग दरवर्षी एक. घोळ होतो तो दुसऱ्या डोसाचा. तो राहून जातो, आणि एकट्या पहिल्यावर पुरेसं संरक्षण मिळत नाही. रात्री खाण्याचं भांडं बाहेर ठेवू नका, उंदीर त्यावरच येतात.

ताप, उलट्या, अचानक वाढलेली तहान, पिवळट हिरड्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. उशीर झाला तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आजारी कुत्र्याची लघवी पुसताना हातमोजे हवेतच, कारण हा आजार माणसालाही होतो.