घंटी सांभाळणारी माणसे

भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमीच्या राज्य शाखेचे वार्षिक अधिवेशन, म्हणजे आमचे महापेडिकॉन, मी पहिल्यांदा पाहिले ते एमडीच्या दुसऱ्या वर्षी. आमच्या युनिटमधील तिघींची पोस्टर मंजूर झाली होती. परंतु वॉर्ड रिकामा ठेवता येत नाही म्हणून एकीला मागे राहावे लागले, आणि तिचेही पोस्टर आम्ही दोघींनी रात्रीच्या एस.टी.त मांडीवर सांभाळत नेले. तिला रजा मिळायला हवी होती, असे मला आजही तितक्याच तीव्रतेने वाटते.

सकाळी रजिस्ट्रेशनच्या रांगेत उभी असताना आयोजकांपैकी एका ज्येष्ठ मॅडमनी विचारले, “बाळ, तू पीजीची विद्यार्थिनी ना? चल, दुसऱ्या सभागृहात घंटी सांभाळायला कुणी नाही.” टेबलावर ठेवायची, वरून टिचकी मारून वाजवायची ती पितळी घंटी होती. एक मिनिट उरले की पहिली, वेळ संपली की दुसरी, एवढेच काम. पहिलेच वक्ते असे निघाले, की ज्यांनी लिहिलेली प्रकरणे वाचून आम्ही परीक्षा दिल्या होत्या. त्यांची वेळ संपली तरी माझे बोट घंटीवरच थबकले. त्यांनी ते व्यासपीठावरून पाहिले, वाक्य अर्ध्यावर थांबवले आणि म्हणाले, “वाजव. इथलं घड्याळ तुझ्या हातात आहे.” मी घंटी वाजवली, त्यांनी मान लववली आणि ते खाली उतरले. या संघटनेत आपल्यालाही जागा आहे, असे मला वाटले ते त्या क्षणी. आजीव सभासदत्वाचे प्रमाणपत्र पुढे काही वर्षांनी हाती आले.

पुढची अधिवेशने आठवतात ती व्याख्यानांपेक्षा वादांमुळे. २०१५ साली नवजात बाळाच्या पुनरुज्जीवनाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे बदलली. गर्भजलात मेकोनियम, म्हणजे बाळाची पहिली विष्ठा, मिसळलेले असेल आणि बाळ निपचित जन्मले असेल, तर लगेच श्वासनलिकेत नळी घालून ती साफ करायची, असे आम्ही सारेच शिकलो होतो. आता ते सरसकट करू नये, त्यात श्वास देण्याची मोलाची सेकंदे जातात, असे सांगितले गेले. नंतरच्या एका अधिवेशनात हा बदल तिसऱ्या वर्षाच्या एका निवासी डॉक्टरने मांडला. तेव्हा जिल्ह्याच्या ठिकाणी आयुष्य घालवलेले एक सर उठून म्हणाले, “तीस वर्षं मी हे करत आलो. माझी बाळं वाचली, त्याचं काय?” सभागृह शांत झाले. ती मुलगी डगमगली नाही आणि उद्धटही झाली नाही. “सर, तुमची बाळं वाचली ती तुम्ही श्वासही दिलात म्हणून. आता तो आधी द्यायचा,” असे ती म्हणाली. दुपारी कार्यशाळेत तेच सर तिच्या टेबलाशी उभे होते. अंगठा आणि तर्जनी यांचा इंग्रजी ‘सी’ श्वास देण्याच्या मास्कवर, उरलेल्या तीन बोटांचा ‘ई’ जबड्याखाली, अशी पकड ती त्यांच्या हातावर हात ठेवून दाखवत होती. मास्कच्या कडेने हवा निसटत होती; तिसऱ्या खेपेस सरावाच्या पुतळ्याची छाती उचलली गेली, आणि दोघांचेही चेहरे उजळले.

कोलकाता आणि मुंबई येथील दोन संघटना एकत्र येऊन १९६३ साली भारतीय बालरोगतज्ज्ञ अकादमी उभी राहिली, तेव्हा तिच्या धुरिणांनी मोठेपणा बाजूला ठेवला होता. नव्या डॉक्टरांना आत घेताना तोच मोठेपणा पुन्हा बाजूला ठेवावा लागतो. डॉक्टर म्हणून असलेल्या नोंदणीच्या नूतनीकरणासाठी पाच वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट, म्हणजे अशा अधिवेशनांना हजर राहून मिळणारे गुण, लागतात, म्हणून तरुण मंडळी येतात हे खरे. पण गुणांसाठी आलेला माणूस जेवण करून निघून जातो, आणि ज्याच्याकडे काम सोपवलेले असते तो मात्र शेवटच्या सत्रापर्यंत थांबतो. बाँडच्या, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेच्या, वर्षी ग्रामीण रुग्णालयात मी एकटी असताना, मध्यरात्री झटके न थांबणाऱ्या बाळासाठी मी ज्यांना फोन केला, त्या याच घंटीवाल्या मॅडम होत्या. अनोळखी तज्ज्ञाला त्या वेळी फोन करण्याचे धाडस मला झाले नसते.

अलीकडे निवासी डॉक्टरांसाठी नोंदणी शुल्क कमी ठेवतात आणि प्रश्नमंजूषेला सभागृह ओसंडून वाहते, याचा मला मनापासून आनंद आहे. मात्र आयोजन समितीत त्यांची नावे अजून स्वयंसेवकांच्या यादीतच असतात. आमच्या जिल्हा शाखेने यंदा एक सत्र पूर्णपणे त्यांच्याकडे दिले आहे. विषय त्यांनीच ठरवला: तालुक्याच्या ठिकाणी एकट्याने बाळ स्थिर करून पुढे पाठवताना रुग्णवाहिकेत काय हाताशी हवे. त्या दिवशीची ओपीडी मी बंद ठेवली आहे, आणि त्यांनी मागितली म्हणून माझ्या दवाखान्यातील वाहतुकीची पेटी, आतल्या साहित्याच्या यादीसह, त्यांच्याकडे पोहोचती केली आहे.